दिवस भरण्याआधीच्या कळा : आपापले अनुभव लिहा

बाळंतपणाला दोन-तीन महिने बाकी असताना पोट वारंवार कडक होऊ लागते, तेव्हा घरातल्या मोठ्या बायका "या खोट्या कळा, घाबरू नकोस" असे सांगतात आणि पुष्कळदा ते खरेही असते. काहींच्या कळा मात्र आठवडेच्या आठवडे थांबत नाहीत, आणि बाळंतपण आज होणार की महिन्याने हे कोणालाच सांगता येत नसताना घर, नोकरी, मोठे मूल आणि स्वतःचे मन सांभाळावे लागते. लक्षणे आणि औषधे यांची माहिती दवाखान्यात मिळते, पण ते दिवस इतर बायकांनी कसे काढले हे मात्र विचारून विचारूनही कळत नाही. म्हणून ज्या यातून गेल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. लिहिताना औषधांची नावे येतील, पण ती कोणीही आपल्या मनाने घेऊ नयेत. सुरुवात माझ्यापासून करते.

पुणे, पहिली खेप

२६ व्या आठवड्यापासून रोज दिवेलागणीच्या सुमारास पोट दगडासारखे होऊ लागले. फारसे दुखत नव्हते, त्यामुळे यात सांगण्यासारखे काही आहे असे घरात कोणाला वाटले नाही. डॉक्टरबाईंनी मात्र न दुखणारी कळसुद्धा मोजायला सांगितली. बोटांची टोके पोटाच्या वरच्या भागावर ठेवायची, हाताला कठीण लागले की घड्याळ पाहायचे आणि एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर लिहायचे. त्याआधी लघवीला जाऊन यायचे, पाणी प्यायचे आणि कुशीवर पडायचे. एवढ्याने कळा विरळ झाल्या तर काळजी नाही. तासाभरात सहा किंवा अधिक आल्या तर फोन करायचा, आणि अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, ओटीपोटात खाली दाब आला किंवा बाळाची हालचाल मंदावली तर मोजत न बसता थेट निघायचे, असे त्यांनी माझ्यापुरते ठरवून दिले.

वही आईने सांभाळली. वेळेशेजारी ती आणखी एक गोष्ट लिहीत असे, ती म्हणजे कळ येण्याआधी मी काय करत होते. त्यातून दिसले की जिना चढल्यावर, लघवी फार वेळ धरून ठेवल्यावर आणि दुपारी पाणी कमी प्यायल्यावर संध्याकाळ जड जाते. पुढे एका रात्री कळा नियमित झाल्या, सोनोग्राफीत गर्भाशयाचे मुख आखूड झालेले दिसले आणि मला दाखल करून घेतले. निफेडिपिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि बीटामेथाझोनची दोन इंजेक्शने २४ तासांच्या अंतराने दिली. डॉक्टरबाईंनी तेव्हा स्पष्ट सांगितले की या गोळ्या कळा कायमच्या बंद करत नाहीत. त्यांच्याकडून साधारण ४८ तास मिळाले तरी पुरे, कारण तेवढ्यात इंजेक्शनांचा गुण बाळाच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. आपण कशासाठी थांबलो आहोत हे कळले आणि माझी भीती आटोक्यात आली. इंजेक्शनांचा हा उपाय लिगिन्स आणि हॉवी या दोन डॉक्टरांनी १९७२ साली न्यूझीलंडमधल्या प्रयोगाने दाखवून दिला, हे मी नंतर वाचले. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. गोळ्यांनी रक्तदाब उतरून चक्कर येई, म्हणून आधी काठावर बसायचे आणि मगच उठायचे, हा नियम आईने एकदाही मोडू दिला नाही. कळा त्यानंतरही येत राहिल्या, पण मुख तसेच टिकले आणि मुलगी दिवस भरून झाली.

संगमनेर, शिक्षिका

माझ्या कळांचे मूळ लघवीतल्या जंतुसंसर्गात निघाले. जळजळ नव्हती, ताप नव्हता, त्यामुळे तशी शंकाही आली नाही; लघवीचे कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) केल्यावर कारण सापडले आणि प्रतिजैविकांनंतर कळा पुष्कळ कमी झाल्या. शाळेत दिवसभर पाणी टाळण्याची सवय आम्हा बहुतेक शिक्षिकांना असते, कारण स्वच्छतागृह दूर असते किंवा वापरण्याजोगे नसते. वारंवार कळा येत असतील तर ही तपासणी झाली आहे का, हे प्रत्येकीने विचारावे, असे मला कळकळीने वाटते.

फोंडा, दुसरी खेप

पहिले बाळ पाचव्या महिन्यात गेले होते. त्यामुळे या वेळी १४ व्या आठवड्यातच गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला. ज्यांच्या नावाने यातला एक टाका जगभर ओळखला जातो ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आमच्याच तालुक्यातल्या शिरोड्याचे. मुंबईत काम करताना १९५५ साली त्यांनी ही पद्धत मांडली. माझ्या सासूबाईंनी हे ऐकले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आपल्याच माणसाने बांधलेले आहे, सुटायचे नाही." वैद्यकीयदृष्ट्या त्याला काही अर्थ नसेल, पण त्या वाक्यावर मी कितीतरी रात्री झोपले आहे. टाका असूनही २८ व्या आठवड्यापासून पोट आवळून येई. टाका तोंड आधारून धरतो, कळा थांबवत नाही, आणि कळा जोराच्या झाल्या तर तो वेळेआधीही काढावा लागतो, हे मला आधीच समजावलेले होते, म्हणून मी प्रत्येक वेळी कळवत गेले. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण आम्ही रद्द केले नाही. मी पलंगावर टेकून बसले, पाच जणींनी तिथेच ओटी भरली आणि अर्ध्या तासात सगळ्या घरी गेल्या.

लेस्टर, इंग्लंड

इथे मला पूर्ण झोपून राहायला सांगितले नाही, याचा माहेरी फार राग आला. सक्तीच्या बेडरेस्टने अकाली बाळंतपण टळते असे सिद्ध झालेले नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, असे सुईणीने सांगितले. मी हलकी कामे करत राहिले, ओझे उचलणे आणि फार वेळ उभे राहणे टाळले. आईला फोनवर हे पटवणे कळांपेक्षा अवघड होते. शेवटी सुईणीशीच तिचे बोलणे करून दिले.

(यावर माझे, म्हणजे पुण्याच्या पहिल्या लेखिकेचे, मत असे की बेडरेस्ट सांगितली असेल तर ती कशासाठी, किती दिवस, आणि न्हाणीघरापर्यंत चालायचे की नाही, हे नीट विचारून घ्यावे. "आराम कर" एवढ्याने कोणालाच काही कळत नाही.)

सोलापूर जिल्हा, पहिलटकरीण

माझे बाळ ३३ व्या आठवड्यात झाले. एका दवाखान्यात आधी मला "गॅस झाला असेल" म्हणून परत पाठवले होते. पहाटे पाणी गेले तेव्हा जाऊबाईंनी १०८ ला फोन लावला. सरकारी रुग्णालयात बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथाझोनची इंजेक्शने सुरू झाली, ती बारा-बारा तासांनी चार द्यायची असतात. माझी तीन झाली आणि बाळंतपण झाले. सातव्यातले मूल जगते पण आठव्यातले जगत नाही, असे आमच्याकडे म्हणतात, आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई ते माझ्यासमोर बोलली. हे खोटे आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो. मुलगा काही दिवस काचेच्या पेटीत होता, मग परिचारिकेने त्याला माझ्या उघड्या छातीवर उभा ठेवून वरून साडीने बांधायला शिकवले. टोपी, लंगोट आणि मोजे एवढेच त्याच्या अंगावर असायचे. असे तासन्तास बसायचे, दूध पिळून वाटी-चमच्याने पाजायचे. आता तो धावतो आणि फार बोलतो.

ठाणे, एक वडील

बायकोच्या परवानगीने लिहितो. प्रसूतीरजेच्या २६ आठवड्यांपैकी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त आठ घेता येतात, आणि गरोदरपणातल्या आजारासाठी किंवा अकाली बाळंतपणासाठी कायद्याने आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे. कार्यालयाने हे आपणहून सांगितले नाही. डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी अर्ज केल्यावर ती मिळाली. घरात रुग्णालयाची पिशवी, सर्व अहवालांच्या प्रती आणि मोठ्या मुलीला रात्री कोणाकडे ठेवायचे याचा निर्णय, एवढे तयार असावे.

नागपूर, सध्या ३१ वा आठवडा

टाका आहे, कळा रोज आहेत, कालही दोन तास होत्या. रडू येते ते दुखण्याने येत नाही, कोणी हसत "अजून आहे का?" विचारले की येते. टाका कधी काढतात आणि काढल्यावर लगेच बाळंतपण होते का, हे कोणी सांगेल का?

(सर्व ठीक असेल तर साधारणपणे ३६ ते ३७ व्या आठवड्यात काढतात, आणि त्यानंतर पुष्कळ जणींना आणखी आठवडाभर किंवा अधिकही जातो. रडू रोज येत असेल, झोप उडाली असेल, तर तेही पुढच्या तपासणीत कळांच्या बरोबरीने सांगा. फोंड्याच्या ताईंनी त्यांचा टाका निघाला त्या दिवसाबद्दल इथे लिहावे, ही विनंती.)

फोंडा

३७ व्या आठवड्यात काढला, भूल न देता, थोडा वेळ दुखले आणि मी चालत घरी आले. त्याच संध्याकाळी होईल म्हणून सगळे जागे बसले होते. मुलगी त्यानंतर नऊ दिवसांनी झाली.