विषय: बेंगळुरूहून पुण्याला ऑडी टीटी कशी आणू?

नमस्कार मंडळी,

मेलबर्न सोडून पुण्यात येऊन पाच महिने झाले तरी मंडळाची ईमेल लिस्ट काही सोडवत नाही, आणि इथे गाड्यांमधले जाणकार आहेत म्हणून विचारतोय. बेंगळुरूला सेकंडहँड ऑडी टीटी घेतलीये, क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना पॉवर. बावधनपर्यंत साधारण साडेआठशे किलोमीटर. बायको म्हणते चालवत आणू, आधीचा मालक म्हणतो त्याच्या ओळखीचा टोइंगवाला आहे, पुढची चाकं उचलून स्वस्तात पोचवेल. काय करू?

---

अरे, आधी त्या टोइंगवाल्याला फोन करून नाही सांग, मग पुढचं वाच.

मेलबर्नला माझी सुबारू डब्ल्यूआरएक्स होती ना, मॅन्युअल, तिचा एकदा रात्री क्लच गेला, पाऊस धो धो, आणि जो टो ट्रक आला त्याने पुढची चाकं उचलली आणि मागची रस्त्यावर ठेवून निघाला. मी त्याच्या शेजारीच बसलेलो, मलाही तेव्हा काही कळत नव्हतं. घरी पोचलो तर गाडीखालून जळक्या तेलाचा वास, आणि क्लच बदलून झाल्यावर वळणावर गाडी अडखळायला लागली. मधलं डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) गेलं होतं. क्लचपेक्षा त्याचंच बिल मोठं आलं.

स्विफ्टसारख्या गाडीत इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते, मागची नुसती घरंगळतात, म्हणून पुढून उचलून नेली तरी चालतं. सुबारूत मागची चाकंही मधल्या शाफ्टने गिअरबॉक्सला जोडलेली असतात, त्यामुळे पुढची स्थिर आणि मागची पळतायत हा सगळा फरक मधल्या डिफरन्शियलने झेलायचा, आणि तिथलं व्हिस्कस कपलिंग, म्हणजे हा फरक आवरणारा घट्ट द्रवाचा भाग, तापून तापून जातं. तुझ्या टीटीत ते नाही, मागच्या अ‍ॅक्सलपाशी मागच्या चाकांना ताकद जोडणारा हॅल्डेक्स क्लच आहे, पण नियम तोच, एकही चाक रस्त्यावर टेकता कामा नये. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, दुसरं काही नाही.

गाडी चढवताना स्वतः हजर राहा. टूलकिटमध्ये टो करायची कडी असते, बंपरवरचं छोटं झाकण काढून ती पूर्ण आत पिळायची आणि विंचचा, म्हणजे गाडी ट्रकवर ओढणाऱ्या यंत्राचा, हूक तिलाच लावायचा, खाली दिसेल त्या दांड्याला नाही. पुढच्या बंपरची खालची कड रॅम्पला घासणार, म्हणून दोन लांब फळ्या आणायला आदल्या दिवशीच सांगून ठेव. पट्टे चारही टायरवरून घ्यायला लाव, सस्पेन्शनच्या आर्मला बांधलेला पट्टा मी खोलायला लावीन. पहिल्या चहाला थांबल्यावर पट्टे परत ताणायला सांग, कारण गाडी थोडी बसते आणि ते सैल होतात. हँडब्रेक बटणाचा असेल तर बॅटरी उतरल्यावर तो सुटत नाही, तेव्हा जंपस्टार्टर जवळ ठेव.

पुण्यात उतरवताना नवले पुलाच्या उतारावर अजिबात नको, तिथे किती अपघात होतात ते आपण सगळे वाचतो. पुढे येऊन एखाद्या सपाट पेट्रोल पंपावर विचारून उतरव.

चालवत आणायचं म्हणशील तर आधी चारही टायर बघ. अशा गाडीत चारही सारखेच झिजलेले लागतात, एक नवा आणि तीन जुने असले की व्यास वेगळा पडतो आणि तो हॅल्डेक्स क्लच साडेआठशे किलोमीटर विनाकारण राबतो.

काका, सहकारनगर

---

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त कागदांचं सांगते. विक्री झाली की थर्ड पार्टी विमा तुझ्याकडे आपोआप येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तुझ्या नावावर करून घ्यावा लागतो, १४ दिवसांत अर्ज कर. तोवर ट्रकवर काही झालं तर भांडत बसशील, म्हणून ट्रान्झिट विमा वेगळा घे आणि त्यावर गाडीची खरी किंमत लिहिलीये ना बघ. फॉर्म २८ म्हणजे एनओसी, आणि मालकी बदलायचे २९ आणि ३० मालकाच्या सह्यांसकट हातात घेतल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नकोस. आणि चढवण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढ, किलोमीटरचा आकडा दिसेल असा.

ताई, मेलबर्न

---

काका, ताई, खूप आभार. फ्लॅटबेडसारखाच अख्खी गाडी आत घेणारा ट्रक ठरवला, बंद कंटेनरवाला, एकच गाडी नेतो. काकांचं वाचून मालकाकडून टायरचे फोटो मागवले, तर तीन टायरवर ४२१९ छापलंय आणि मागच्या उजव्यावर ११२३. हे काय आहे?

---

टायर बनल्याचा आठवडा आणि साल. तीन टायर २०१९ च्या ४२व्या आठवड्यातले, एक २०२३ च्या अकराव्या. म्हणजे तो एकटाच बदललाय. चारही नव्या टायरचे पैसे किमतीतून कमी करून माग, आणि मेकॅनिककडून हॅल्डेक्सचं तेल कधी बदललं तेही काढून घे. तेलाची नोंद नाही मिळाली तर शेवटचा चेक देण्याआधी मला फोन कर, रात्री कितीही वाजता.

काका