पत्रकाराच्या विकिपीडिया लेखात अब्रुनुकसानीचे निकाल ठेवायचे की काढायचे?

टाचणवही: एका शोधपत्रकाराविषयीच्या विकिपीडिया लेखात त्याच्यावरचे अब्रुनुकसानीचे तीन दावे नोंदले आहेत: एक तो हरलेला, एकाचा निकाल अपिलात फिरलेला आणि एक तडजोडीने मिटलेला. एक सदस्य तिन्ही ‘वादग्रस्त बाबी’ असा विभाग करून टाकतो, दुसरा ते पुसतो. माझ्याकडे हरलेल्या दाव्याच्या निकालपत्राची प्रत आहे. तेवढ्या संदर्भावर मजकूर टिकेल का?

समासटीप: नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या जिवंत व्यक्तींविषयीच्या धोरणानुसार नुसत्या न्यायालयीन कागदपत्रांवरून विधान करता येत नाही. आधी विश्वासार्ह वृत्तपत्राने किंवा पुस्तकाने त्या निकालाची दखल घेतलेली हवी. मग निकालपत्र पूरक म्हणून जोडता येतं. नियमाला कारण आहे. निकालपत्रात वादीचं म्हणणं पानंच्या पानं उतरवलेलं असतं, आणि घाईत तेच न्यायाधीशांचा निष्कर्ष म्हणून लेखात येतं.

उलटतपासणी: निकाल कुठल्या टप्प्यावरचा, हे आधी पाहा. ब्रिटिश पत्रकार कॅरोल कॅडवॉलडर यांच्यावर उद्योजक अॅरन बँक्स यांनी त्यांच्या टेड व्याख्यानातल्या (टेड ही भाषणं ऑनलाइन प्रसिद्ध करणारी संस्था) आणि एका ट्विटमधल्या शब्दांवरून लंडनमध्ये केलेला दावा घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने फक्त त्या शब्दांचा अर्थ काय होतो एवढंच ठरवलं. विधान खरं की खोटं, हा प्रश्न तिथे नव्हताच. जून २०२२ मध्ये दावा फेटाळला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बँक्स यांचं अपील अंशतः मान्य झालं: २९ एप्रिल २०२० नंतरही ते व्याख्यान प्रसिद्ध होत राहिलं, तेवढ्यापुरतंच. भरपाई ३५,००० पौंड. आता ‘दावा हरल्या’ आणि ‘दावा जिंकल्या’ ही दोन्ही वाक्यं वाचकाची दिशाभूल करतात. तारीख, टप्पा आणि कशापुरता निर्णय, हे तिन्ही लिहायला जागा नसेल तर उल्लेखच करू नये.

समासटीप: सहमत. तुमच्या लेखातल्या फिरलेल्या निकालाचंही तेच: खालच्या न्यायालयाचा आणि अपिलाचा निर्णय एकाच वाक्यात हवा, नाहीतर पुढच्या संपादनात नेमका अर्धा भाग उडतो. वेगळा विभाग मोडा. ज्या बातमीवरून दावा झाला, तिच्या परिच्छेदातच निकाल जाऊ द्या. प्रास्ताविकात तो तेव्हाच, जेव्हा त्या पत्रकाराविषयीच्या बहुतेक लिखाणात तो खटलाच केंद्रस्थानी असतो.

टाचणवही: आणि तडजोड?

समासटीप: मी काढेन. जबाबदारी मान्य न करताही तडजोड होते. खर्च परवडत नाही म्हणूनही होते.

उलटतपासणी: इथे मी असहमत. वृत्तपत्राने जाहीर माफी किंवा दुरुस्ती छापली असेल आणि इतरांनी त्याची बातमी केली असेल, तर ते गाळणं वाचकावर अन्याय आहे. ‘अटी जाहीर न करता दावा मिटला’ किंवा ‘वृत्तपत्राने माफी मागितली’, जे घडलं तेवढंच लिहा. माफी वृत्तपत्राची असेल तर ती पत्रकाराच्या नावावर चढवू नका.

आणि पुसणाऱ्या सदस्याला सांगा, २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवायची सूट बदनामीकारक, एकांगी, निराधार किंवा कच्च्या संदर्भाच्या वादग्रस्त मजकुरापुरती आहे. मजकूर तसा नसेल आणि संदर्भ पक्के असतील तर लेखाच्या चर्चापानावर यावं लागेल. मात्र सहमती होईपर्यंत मजकूर बाहेरच राहू द्या. परत घालणाऱ्यानेच तो योग्य असल्याचं पटवून द्यायचं असतं.