‘मानणे’, ‘विश्वास’ आणि ‘श्रद्धा’

चर्चाप्रस्ताव :

मी नागपुरात इतिहासाच्या एम. ए.ला आहे. धर्मस्थळांवर टिपण लिहिताना आपण सरसकट ‘श्रद्धा’ लिहितो, बोलण्यात मात्र ‘मानणे’ हेच क्रियापद येते, असे मला वाटते. ताजबागेत, म्हणजे नागपुरातील ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, चादर चढवायला आलेल्या हिंदू कुटुंबाला कारण विचारले, तर ‘आमच्या घरी बाबांना मानतात’ एवढेच उत्तर मिळते. त्यात परलोकाविषयी किंवा पंथाविषयी काहीच सांगितलेले नसते. पण आदर आणि घराण्याची रीत या दोन्ही गोष्टी त्यात येऊन जातात. ताजुद्दीन बाबांना शक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवून घेणारे राजे रघुजीराव भोसले बाबांना मानत होते, एवढे मी निर्धास्तपणे लिहू शकतो. त्यांची श्रद्धा किती खोल होती, हे कोणत्या कागदावरून ठरवणार?

सोबतीची क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. विश्वास बसतो आणि उडतो, श्रद्धा जडते आणि ढळते, खात्री पटते; या गोष्टी माणसाच्या बाबतीत घडतात. मानणे मात्र तो स्वतः करतो, आणि म्हणूनच न मानण्याचा निश्चयही करू शकतो. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञा या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना ‘देव मानणार नाही’, असे पहिली प्रतिज्ञा म्हणते आणि लगेच त्यांच्या उपासनेलाही नकार देते. देवाने अवतार घेतला या कल्पनेपाशी मात्र चौथ्या प्रतिज्ञेत शब्द बदलतो आणि ‘विश्वास नाही’ असे येते. धम्माविषयी बोलताना ‘खात्री पटली आहे’ अशी रचना आहे. देवाला द्यायचा मान, कथेवरचा विश्वास आणि विचारांती पटलेली गोष्ट यांसाठी तीन वेगळे शब्द योजले आहेत, आणि ‘श्रद्धा’ हा शब्द मला तेथे कोठेही दिसत नाही.

प्रतिसाद :

आपले निरीक्षण मोलाचे आहे, परंतु ‘मानणे’ हे एकच क्रियापद आहे असे समजून आपण पुढे गेला आहात. ‘बाबांना मानणे’, ‘अमुक यास देव मानणे’ आणि ‘सर्व माणसे समान आहेत असे मानणे’ या तीन रचना वेगळ्या आहेत: पहिलीत आदर आहे, दुसरीत दर्जा आहे आणि तिसरीत केवळ मत आहे. प्रतिज्ञांमध्ये शेवटच्या दोन्ही रचना आढळतात. शिवाय ‘मानलेला भाऊ’ म्हणताना तो सख्खा नाही हे आपण त्याच शब्दाने सांगून टाकतो, त्यामुळे एखाद्या भाविकाविषयी ‘तो देव मानतो’ असे लिहिल्यास वाचकाला त्यात लेखकाचा अविश्वास दिसण्याचा संभव आहे.

‘श्रद्धा’ हा शब्दही आपण समजता तितका अंतर्मुख नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील श्रद्धासूक्तात (१०.१५१) अग्नी श्रद्धेने प्रज्वलित होतो आणि हवी (अग्नीत द्यायची आहुती) श्रद्धेने दिला जातो, तेथे श्रद्धा कृतीपासून सुटी निघत नाही. ‘श्राद्ध’ हा विधीही त्याच शब्दावरून आला.

प्रस्तावक :

तीन रचनांचा भेद मला पूर्ण मान्य आहे (हा ‘मान्य’ अर्थातच तिसऱ्या प्रकारातला). मात्र जुन्या साधनांपुढे माझी अडचण कायम राहते. विदर्भातील प्राचीन वाकाटक राजघराण्याची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या पुणे येथे मिळालेल्या ताम्रपटात ती स्वतःला ‘अत्यन्तभगवद्भक्ता’ म्हणवते आणि तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरिस्वामी या देवाच्या पादमूलापासून (पायांपासून), म्हणजे आपल्या रामटेकाहून, दिलेला आहे. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन आपल्या ताम्रपटांत ‘परममाहेश्वर’ म्हणवतो. आई विष्णूची, मुलगा शिवाचा. आणि त्यावरून घरात कलह झाल्याचे हे लेख तरी सांगत नाहीत. या बिरुदांतून राजघराण्यातील व्यक्ती कोणत्या देवतेशी जाहीरपणे बांधलेली होती आणि कोणाच्या नावे दान देत होती, हे कळते. त्यांचे भाषांतर ‘गाढ श्रद्धा असलेली’ असे केले, की ताम्रपटात नसलेले मन आपण तिला देऊन बसतो. म्हणून टिपणात ‘भगवंताची परमभक्त म्हणवणारी’ असेच ठेवणार आहे, आणि ताजबागेच्या भागात ‘श्रद्धाळू’ खोडून ‘बाबांना मानणारी कुटुंबे’ असे लिहिणार आहे. ‘भाविक’ हा वृत्तपत्री शब्द चालेल काय, याविषयी आपले मत वाचायला आवडेल.