मदत हवी आहे: पूर-वादळाआधी वस्तीची तयारी कशी करावी?

नमस्कार. पूर किंवा वादळ यायच्या आधीच आमच्या वस्तीची तयारी व्हावी म्हणून घरोघर फिरून यादी करतोय: अंथरुणाला खिळलेलं कोण, इन्सुलिन फ्रिजमध्ये कोणाला ठेवावं लागतं. एक आजी म्हणाल्या, "भोंगा मला ऐकूच येत नाही रे, कोणीतरी येऊन हाताला धरून सांगायला हवं." तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

१९७० च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसं गेली. त्यानंतर बांगलादेशात १९७२ पासून स्वयंसेवक मेगाफोन घेऊन दारोदार इशारा देतात. तिथले मृत्यू खूप घटले.

मोबाइल टॉवर बंद पडल्यावर तुम्ही निरोप कसा पोचवता? आणि वर्षानुवर्षं काहीच घडलं नाही, तर स्वयंसेवक टिकतात कसे? मला याचीच जास्त काळजी आहे. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.