ओमानी घरी कहवा (अरबी कॉफी) नको असेल तर थांबवायचं कसं?

मस्कतला येऊन चार महिने झालेत. मागच्या शुक्रवारी ऑफिसातल्या ओमानी मित्राने घरी बोलावलेलं, मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत) खाली गाद्यांवर बसलो, हलवा खजूर आला आणि मग त्याचा धाकटा भाऊ उभ्यानेच कहवा ओतायला लागला. कपात जेमतेम दोन घोट! संपला की परत दोन घोट, मी नको नको म्हणत कप पुढे करतोय आणि तो ओततोय, असे सहा-सात झाले. या शुक्रवारी परत जायचंय, आईबाबा पण आलेत. काही चुकलं का माझं?

— नवीन_मस्कतकर

चुकलं काही नाही, फक्त रिकामा कप नुसता पुढे केला की अजून द्या असाच अर्थ होतो. बास झालं की फिंजान (तो बिनकानाचा छोटा कप) दोन बोटांत धरून मनगटातून दोन-तीनदा हलवायचा आणि परत द्यायचा. आपल्याकडे पण नुसतं नको म्हटलं तर कोण ऐकतं, आग्रह होतोच. आणि कमी ओततात तो मान आहे हो, परत परत वाढता यावं म्हणून, काठोकाठ भरून दिला तर प्या आणि निघा असा अर्थ काढतात. तीन कपांपर्यंत घेतलेत तर छानच. २०१५ साली युनेस्कोच्या वारसा यादीत हा कहवा आलाय, ओमान सौदी यूएई कतार चौघांच्या नावाने.

— आखाती_काका

आईंना आधीच सांगून ठेवा की दूध साखर काही नसतं, कडवट लागतो. बिया अगदी हलक्या भाजतात म्हणून रंग सोनेरी, पहिल्यांदा बघून मला पातळ काढाच वाटलेला, पण वेलचीचा वास काय सुंदर येतो! खजूर तोंडात ठेवून घोट घ्यायचा, मग जमतं. ती लांब चोचीची दल्ला (कहव्याची किटली) बघून ठेवा, इकडे दुबईत एक दिरहमच्या नाण्यावर पण तीच आहे.

— वेलदोडा

एक राहिलं, भरलेला कप न पिता खाली ठेवून गप्पा मारत बसू नका. बदूंच्यात (वाळवंटातल्या भटक्या अरबांच्यात) जुनी रीत आहे, पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो कप तसाच ठेवतो आणि यजमानाने शब्द दिल्यावरच पितो.

— आखाती_काका

खूप आभार दोघांचे! बाबा डावखुरे आहेत, चालेल का?

— नवीन_मस्कतकर

नाही, कप उजव्याच हातात घ्यायला सांगा. ओतणाऱ्याच्या डाव्या हातात दल्ला असते आणि उजव्याने तो कप देतो.

— वेलदोडा