किरणोत्सर्गाची ‘गळती’ होते का?

पूर्वेकडची:
इथे जपानमधल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी मार्च 2011 च्या आठवणी लिहायला घेतल्यात आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकले. वाक्य साधं आहे: “तोक्योच्या नळाच्या पाण्यात किरणोत्सर्ग आढळला.” लिहिलं, वाचलं, आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 11 मार्चला भूकंप आणि त्सुनामी झाली, फुकुशिमा दाइइची केंद्रातल्या तीन अणुभट्ट्यांचा गाभा वितळला. आम्ही तेव्हा निशी-कासाईला राहत होतो, मुलगा आठ महिन्यांचा. 23 तारखेला जाहीर झालं की कानामाची जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात लिटरमागे 210 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आयोडीन-131 सापडलंय. तान्ह्या बाळांसाठी मर्यादा 100 होती, मोठ्यांसाठी 300. म्हणजे एकाच नळाचं पाणी मला चालणार होतं आणि त्याला नाही. दुकानातल्या बाटल्या तासाभरात गायब. मग सरकारतर्फे बाळामागे 550 मिलीच्या तीन बाटल्या मिळाल्या. दुसऱ्याच दिवशी आकडा 79 वर आला आणि सूचना मागे घेतली गेली.

त्या रात्री पुण्याहून आईचा फोन. “पाण्यात रेडिएशन आलंय म्हणे! अगं, मग उकळून घे ना चांगलं वीस मिनिटं.” आयोडीन उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की घट्ट होतं, हे मी तिला सांगू शकले नाही. तिच्या डोक्यात रेडिएशन म्हणजे काविळीसारखं काहीतरी होतं.

जपानीत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत. होशासेन म्हणजे किरण. होशानो म्हणजे किरण सोडण्याचा गुण. होशासेई बुश्शित्सु म्हणजे किरण सोडणारा पदार्थ. टीव्हीवर रोज दिव्याचं उदाहरण देत: उजेड, उजेड देण्याची क्षमता आणि खुद्द दिवा. तरी बाजारात बायका सगळ्यालाच होशानो म्हणायच्या. आपल्याकडे या तिघांना काय म्हणावं?

कोशकिडा:
तुम्हाला खटकलं ते बरोबर आहे. उत्सर्ग म्हणजे सोडणं, बाहेर टाकणं. किरणोत्सर्ग ही क्रिया झाली, फार तर गुण. पाण्यात क्रिया ‘आढळत’ नाही. पाण्यात आयोडीन आढळलं, आणि ते किरणोत्सर्गी होतं.

मराठी विश्वकोशाने ही वाटणी नीट केली आहे. पदार्थाचा गुण तो किरणोत्सर्ग, बाहेर पडते ती ऊर्जा प्रारण. प्रारण आपण शाळेत शिकलोय, उष्णतेच्या धड्यात: वहन, अभिसरण, प्रारण. शेकोटीसमोर बसलं की अंगाला लागते ती ऊब प्रारणाचीच. पण हा शब्द वर्गाबाहेर आलाच नाही. पाठ्यपुस्तकांत किरणोत्सारी असंही रूप दिसतं, त्याने गोंधळात भरच पडली.

खरा घोळ ‘किरणोत्सर्गाची गळती’ने केलाय. गळते ते पाणी, वाफ, वायू. फुकुशिमातून बाहेर पडली ती आयोडीन-सीझियमसारखी द्रव्यं. ती वाऱ्यावर गेली, पावसाबरोबर खाली आली, पालकाच्या पानांवर बसली. गळती म्हणायचंच तर त्या द्रव्यांची म्हणा.

टिंगलटवाळ:
उत्सर्ग म्हटलं की मला फक्त मलोत्सर्ग आठवतो. बातमी वाचताना नाक दाबलं जातं.

कोशकिडा:
हसा. पण द्रव्य बाहेर टाकलं गेलं, हे तुमच्या नाकाला बातमीदारापेक्षा आधी कळलं.

वाशी मार्केट:
आमचा अनुभव लिहितो. अमेरिकेला हापूस 2007 पासून जातोय, त्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते. कोबाल्ट-60 चे गॅमा किरण फळावर सोडतात, म्हणजे कोयीतला भुंगा आणि फळमाशी तिकडे जात नाही. लासलगावला कांद्यासाठीही हेच तंत्र वापरतात. पण गिऱ्हाईक विचारतं, “रेडिएशनवाला आंबा? पोरांना द्यायचा का?” मी म्हणतो, उन्हात ठेवलेला आंबा अंधारात उजेड पाडतो का? किरण येऊन गेले, संपलं. तुमच्या दिव्याच्या भाषेत, आंब्यावर उजेड पडला, आंब्यात दिवा गेला नाही.

आणि विकिरण शब्द तरी कुठे धड आहे? हिंदीत तो रेडिएशनला वापरतात. आमच्या पोराच्या पुस्तकात विकिरण म्हणजे प्रकाश विखुरणं, आभाळ निळं दिसतं ते.

तळटीप:
दिव्याचं उदाहरण आमच्या घरात कोणी आधी दिलं असतं तर बरं झालं असतं. आजीला कर्करोगासाठी ‘शेक’ चालू होते, किरणोपचारांना रुग्णालयात सगळे तसंच म्हणत. रोज मशीनखाली दोन-तीन मिनिटं. घरी आली की ती धाकट्या नातीला जवळ घेईना. “माझ्या अंगातून किरणं निघतात, पोरीला बाधतील.” बाहेरून दिलेल्या शेकात असं काही नसतं. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन पाजलेल्या रुग्णाला मात्र खरोखर काही दिवस वेगळं ठेवतात, कारण तिथे दिवाच पोटात गेलेला असतो. दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. दीड महिना आजी दारात खुर्ची टाकून बसायची आणि नात उंबऱ्याच्या आत.

‘किरणोत्सर्गाची लागण’ असंही छापून येतं. लागण म्हटलं की माणूस माणसाला घाबरणार. कपड्याला, केसाला धूळ चिकटलेली असू शकते, ती धुता येते. त्याला लागण म्हणत नाहीत.

राजापूरकर:
सगळं वाचलं. शब्द नीट वापरावेत हे मान्य, पण चर्चेचा रोख असा दिसतो की लोकांना शब्द कळत नाहीत म्हणून लोक घाबरतात. 2011 साली आमच्याकडे जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा वाद आधीच पेटलेला होता, त्यात फुकुशिमा झालं. गावात सभा व्हायच्या. साहेब लोक मिलिसिव्हर्ट, बेकरेल सांगायचे, ‘मात्रा अत्यल्प’ म्हणायचे. मात्रा! आमच्या आजीने उगाळून चाटवली ती मात्रा. विषाला औषधाचं नाव दिलं की ते गोड होतं काय? नाटे गावातल्या खारव्याला, म्हणजे मासेमाराला, किरण आणि द्रव्य यांतला फरक दोन मिनिटांत समजतो. त्याचा प्रश्न वेगळा असतो: उद्या काही झालं नाही तरी ‘त्या बाजूची मासळी’ म्हणून कोणी घेईल का? त्याला शब्द आहे का तुमच्या कोशात?

पूर्वेकडची:
राजापूरकर, जपानीत आहे. फूह्यो हिगाई. लोकांच्या बोलण्यातून होणारं नुकसान. मी ‘आवईचा फटका’ असं केलं होतं, आता तुमचं वाचून खोडते. आवई म्हटलं की भीती खोटीच ठरते. फुकुशिमाकडेही लोक म्हणतच होते की हे बोलण्यातलं नुकसान नाही, खरं नुकसान आहे.

मात्रेबद्दल तुम्ही म्हणता ते इथे ‘ताबडतोब’ या शब्दाचं झालं. मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव एदानो रोज सांगत की याचा आरोग्यावर ‘ताबडतोब’ परिणाम होणार नाही. ऐकणारी प्रत्येक आई पुढचा प्रश्न मनात विचारायची: मग कधी?

2023 च्या ऑगस्टमध्ये फुकुशिमाच्या केंद्रात साठवलेलं पाणी समुद्रात सोडायला लागले तेव्हा सरकारी शब्द होता ‘प्रक्रिया केलेलं पाणी’. बरीच द्रव्यं गाळली होती, ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सर्गी रूप) राहतंच, म्हणून ते पाणी भरपूर पातळ करून सोडतात. चीन त्यालाच ‘दूषित पाणी’ म्हणत होता. आणि आठवड्याभराने जपानचे तेव्हाचे कृषिमंत्री नोमुरा पत्रकारांसमोर चुकून ‘दूषित पाणी’ बोलून गेले. संध्याकाळपर्यंत माफी मागावी लागली. पाणी तेच, सकाळचंच.

कोशकिडा:
राजापूरकर, मान्य. आकड्यांतही अशीच सरमिसळ होते. फुकुशिमाचं नाव निघालं की ‘किरणोत्सर्गाचे 18 हजार बळी’ असा निरोप फिरतो. ते त्सुनामीचे. उलट ज्या दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली, त्यांच्यातले म्हातारे-आजारी हालअपेष्टांनी गेले. आपत्तीनंतरच्या अशा मृत्यूंची फुकुशिमा प्रांतातली नोंद 2300 च्या वर आहे. त्यांना कुठल्या शब्दात बसवायचं? किरणांनी गेले नाहीत, आणि किरणांशी संबंध नाही असंही नाही.

तळटीप:
अणुबाँबच्या पीडितांना हिबाकुशा म्हणतात ना? फुकुशिमाच्या लोकांनाही तेच?

पूर्वेकडची:
उच्चार ‘हिबाकु’ एकच, लिपीत फरक. बाँबच्या हिबाकुमध्ये दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला अग्नीचं चिन्ह असतं, नुसत्या किरणांच्या हिबाकुमध्ये सूर्याचं. उन्हात उघडं पडावं तसं. कानाला फरक कळत नाही, म्हणून वर्तमानपत्रं बऱ्याचदा ते दुसरं अक्षर ध्वनिलिपीतच लिहितात. मराठीत दोघेही ‘बाधित’.

माझं वाक्य आता असं केलंय: “नळाच्या पाण्यात किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं, आठ दिवसांनी त्यातलं निम्मं उरणार होतं.” आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग आठ दिवस भरून ठेवायचं होतंस ना पाणी.”