पावती आपोआप निघणार, पण कुठली? (गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचा ग्रुप)

खजिनदार (ए-३०२): सर्वांना नमस्कार. ४८ फ्लॅटच्या मेंटेनन्सच्या पावत्या दर महिन्याला हाताने करणं आता होत नाही. यूपीआय आल्यापासून जो तो आपल्या सवडीने पैसे टाकतो. म्हणून भाच्याकडून एक ऑटोमेशन बसवून घेतलंय. बँकेचं स्टेटमेंट त्यात टाकलं की टॅलीत, म्हणजे आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंद होते, पावतीची पीडीएफ बनते आणि व्हॉट्सॲपवर जाते. टॅलीच्या डेटाची कॉपी काढून एप्रिल महिना चालवून पाहिला. नमुना म्हणून काही जणांना पावत्या पाठवल्यात. बघून सांगा.

ए-१०१: एक नंबर काम!

बी-२०४: दादा, पावती मिळाली. पण खाली 'थकबाकी रु. २,८००' असंही छापलंय. पैसे मिळाले म्हणता आणि बाकीही दाखवता?

ए-४०३: मलाही तसंच आलंय. मी तर ३ तारखेलाच भरलेत.

बी-३०१: टाकी रिकामी आहे. कुणीतरी मोटर चालू करा.

खजिनदार (ए-३०२): बँकेत पैसे दिसतात, टॅलीत नोंदही आहे. मग बाकी कुठून आली ते कळत नाही. हेच टूल भाच्याने अंबड एमआयडीसीत एका पार्ट्सच्या दुकानाला बसवलंय, तिथे बिनतक्रार चालतं.

सी-४०२: दादा, दुकानाचं आहे म्हणूनच तिथे चालतं. टूलने नोंद टॅलीच्या एफ८ बटणाला केली आहे का बघा. म्हणजे सेल्स व्हाउचर (विक्रीची नोंद) आणि पार्टीच्या, म्हणजे सदस्याच्या, जागी थेट बँक?

खजिनदार (ए-३०२): हो ताई, तसंच आहे. टूलमध्ये त्याला 'सेल्स रिसिट' म्हटलंय.

सी-४०२: तिथेच गडबड आहे. मी घरून अमेरिकेतल्या क्लायंटची हिशेबाची पुस्तकं क्विकबुक्स या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते, तिकडे हे रोजचं आहे. माल दिला आणि तिथल्या तिथे पैसे घेतले की सेल्स रिसिट. विक्री आणि वसुली एकाच कागदावर. आधी बिल दिलं आणि पैसे नंतर आले, तर इन्व्हॉइस (बिल) आणि त्याच्यापोटी पेमेंट. पार्ट्सवाल्याचं पहिलं, आपलं दुसरं. आपण १ तारखेला बिल काढतो तेव्हाच सदस्याच्या नावे टाकून उत्पन्न धरलेलं असतं. आता टूल पैसे आले की पुन्हा उत्पन्न धरतं आणि सदस्याच्या खात्याला हातच लावत नाही. म्हणून बाकी तशीच राहते.

सेक्रेटरी (सी-४०१): म्हणजे एप्रिलची आकारणी १,३४,४०० ची, ती सगळ्यांनी भरल्यावर २,६८,८०० दिसणार?

सी-४०२: बरोबर. वर्षाचे १६ लाख १२ हजार होतात, ते ३२ लाखांवर जातील. म्हणजे कागदावर जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा ओलांडली. आपलं मेंटेनन्स महिन्याला प्रति सदस्य ७,५०० च्या आत आहे, त्याला सूट आहे. पण बाहेरच्यांना दिलेल्या हॉलच्या भाड्याला ती सूट नाही. ऑडिटरला उत्तर देता देता नाकी नऊ येतील.

ए-१०१: आणि त्या खोट्या थकबाकीवर व्याजही लागेल की! उपविधीत २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज आहे. भरूनही व्याज, कमाल आहे.

सी-४०२: व्याजापेक्षा सिंकिंग फंडाचं बघा. तो उत्पन्न नाही, राखीव निधी आहे, आणि बिलातच वेगळा काढलेला असतो. टूल सगळे २,८०० सरसकट मेंटेनन्सला जमा करतंय. पावतीने फक्त सदस्याची बाकी कमी करायची, बिलाची फोड पुन्हा करायची नाही.

खजिनदार (ए-३०२): मग भाच्याला काय सांगू?

सी-४०२: एफ६, रिसिट व्हाउचर, म्हणजे नुसती पैसे मिळाल्याची नोंद. बँक नावे, सदस्य जमा. बिलवाइजमध्ये (बिलागणिक हिशेबात) 'अगेन्स्ट रेफरन्स', म्हणजे 'या बिलापोटी', घेऊन त्या महिन्याचं बिल जोडायचं. पुढच्या महिन्यांचे पैसे आधीच आले तर 'ॲडव्हान्स'. आणि पैसे कुणाचे तेच कळलं नाही, तर टूलने अंदाज बांधू नये. नोंद सस्पेन्स खात्यात (पैसे कुणाचे ते कळेपर्यंतचं तात्पुरतं खातं) टाकावी आणि तुम्हाला यादी द्यावी.

बी-२०४: हे महत्त्वाचं. आमचा भाडेकरू स्वतःच्या यूपीआयवरून भरतो, खातं आमच्या नावाने.

ए-४०३: प्रत्येकाने फ्लॅट नंबर पैशांत टाकावा. म्हणजे माझे २,८००.४३. रक्कम बघूनच फ्लॅट कळेल.

सी-४०२: आयडिया झकास आहे, पण मग दर महिन्याला ४३ पैसे जादा जमा राहणार. शिवाय ए, बी, सी तिन्ही विंगमध्ये ४०३ आहे! 😄 त्यापेक्षा शेऱ्यात फ्लॅट नंबर लिहा. आणि दादा, यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक नोंदीत आलाच पाहिजे. तो आधी असेल तर टूलने दुसरी पावती करायची नाही. नाहीतर तेच स्टेटमेंट दोनदा टाकलं की पावत्याही दोनदा.

बी-१०२ (काका): रेव्हेन्यू स्टॅम्पचं काय? पीडीएफवर तो कसा चिकटवणार?

सी-४०२: काका, ५,००० च्या वरच्या पावतीलाच एक रुपयाचं तिकीट लागतं. महिन्याच्या २,८०० ला नाही. तुम्ही तिमाहीचे ८,४०० रोख देता, त्याची पावती दादा हातानेच लिहून तिकीट लावतील.

बी-१०२ (काका): मग ठीक आहे. मला कागदच बरा वाटतो.

सेक्रेटरी (सी-४०१): चेकचं? आज पावती गेली आणि चार दिवसांनी चेक परत आला तर?

सी-४०२: पावतीवर 'चेक वटल्यास ग्राह्य' हवंच. मी तर म्हणेन, चेक टूलकडे देऊच नका. आपल्याकडे चेकवाले आहेतच किती?

खजिनदार (ए-३०२): समजलं. हॉलच्या बुकिंगला मात्र जुनी सेल्स रिसिटच ठेवतो, तिथे आपण बिल काढतच नाही. बाकी सगळं एफ६ ला. भाच्याला आजच फोन करतो. मे महिना परत कॉपीवरच चालवू, ताईंनी थकबाकीची यादी हाताने ताडून बघितली की मगच खऱ्या डेटावर.

सेक्रेटरी (सी-४०१): मंजूर. पुढच्या कमिटी मीटिंगच्या इतिवृत्तात घेतो. ऑडिट ३१ जुलैच्या आत आहे, ते गेल्या वर्षाचं असलं तरी ऑडिटरला नवी पद्धत तेव्हाच दाखवून घेऊ.

बी-३०१: मोटर??

सी-१०३: माझी एप्रिलची पावती अजून आली नाही.

खजिनदार (ए-३०२): तुमचे एप्रिलचे पैसेही अजून आले नाहीत, साहेब.